'फुकट' उपचारांचा हिशेब

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. परदेशातल्या आरोग्यसेवेवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. ब्रिटनमध्ये उपचार फुकट आणि अमेरिकेत माणूस कर्जात बुडतो, एवढ्यावरच तो आटोपला आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही दोन मुलांसह इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका अशा तिन्ही ठिकाणी संसार केला, म्हणून त्या 'फुकट' शब्दाशी अडले.

ब्रिटनचा नोकरीचा व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. सध्याचा दर मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. चौघांचे तीन वर्षांचे १०,८६६ पौंड झाले, तेही एकरकमी आणि विमानात बसायच्या आधी. पगारातून कर कापला जातो तो वेगळाच. एकदा हे भरलं की दवाखान्यात कुणी पैशांचं नाव काढत नाही, हे मात्र खरं. तिथे जातो तो वेळ. सकाळी आठला जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, फोनलाइन सुरू व्हायची. फोन स्पीकरवर टाकून मी जिन्यात बसून मुलीच्या वेण्या घालायचे आणि पलीकडून 'रांगेत तुमचा तेविसावा क्रमांक' असं ऐकू यायचं. दोन्ही वेण्या झाल्या तरी आम्ही अकरावे! मोठ्या डॉक्टरकडे जायला जीपीची चिठ्ठी लागते आणि ती मिळाल्यावर अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे. माझ्या गुडघ्याने त्याहून कितीतरी जास्त वाट पाहिली.

त्याच गुडघ्यासाठी जर्मनीत मी सरळ हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. पंधरा दिवसांनी गेले, काउंटरवरच्या बाईंनी कार्ड यंत्रात सरकवलं, संपलं. बिल नाही. पण नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपवर ते दर महिन्याला दिसायचंच: सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी भर, त्यातलं निम्मं कंपनीचं. माझी कमाई नव्हती, त्यामुळे मी आणि मुलं त्याच हप्त्यात बसलो. खासगी विम्यात माणशी वेगळा हप्ता पडतो. पगार मोठा असलेली तरुण मंडळी स्वस्त पडतो म्हणून तो घेतात. पुढे सरकारी योजनेत परतणं अवघड जातं आणि पंचावन्नीनंतर तर जवळजवळ अशक्यच. हे त्यांना सही करताना कोण सांगतं, देव जाणे.

अमेरिकेत मुलाच्या हाताला टाके पडले. तासाभरात काम झालं, टाकेही सुरेख. मग विमा कंपनीचं पाकीट आलं. आत आकड्यांचा तक्ता आणि वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही'. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलचं बिल आलं आणि त्यानंतर दहा दिवसांनी डॉक्टरांचं निराळं. २०२२ पासून इमर्जन्सीत विम्याच्या नेटवर्कबाहेरचे, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेले, डॉक्टर भेटले तरी त्यांना जादा रक्कम आपल्याकडून उकळता येत नाही, पण रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स त्या कायद्यातून सुटली आहे. मला धास्ती होती ती वेगळीच. आमचा विमा नवऱ्याच्या कंपनीमार्फत, व्हिसाही तिच्याचमार्फत. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्याची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. जुना विमा पुढे चालवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, आणि तोही पगार बंद असताना. जर्मनीत बेकारभत्ता मिळत असेल तर विम्याचा हप्ता तिथलं रोजगार कार्यालय भरतं.

आणखी एक. 'तिथे फुकटच असतं ना?' म्हणत माझे सासरे विमा न काढताच इंग्लंडला यायला निघाले होते. पाहुण्या माणसावर तिथल्या इमर्जन्सी विभागात उपचार होतात, पण वॉर्डात दाखल केलं की नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते. तिकीट काढून झाल्यावर आम्हाला हे कळलं आणि घाईघाईने विमा काढला; त्यातही त्यांचा जुना मधुमेह वगळलेला. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर निदान एवढं तरी त्यात छापावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक