दहाच्या जागी वीस नको

चि. बंड्या,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू घाईत होतास आणि मी अर्धवट झोपेत, म्हणून आता नीट लिहून पाठवते.

तुझ्या गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे, पुढचे पार्किंगचे, नंबर प्लेटचे आणि डॅशबोर्डचा उजेड, सगळं एकदम गेलं. हेडलाइट आणि ब्रेक लाइट मात्र चालू. तू एवढं सांगितलंस तिथेच बल्बचा विषय संपला. सहा बल्ब ठरवून एका क्षणी जात नाहीत. एकच दिवा गेला असता तर म्हटलं असतं, आधी बल्ब काढून बघ. मिणमिणत असता तर अर्थिंग, म्हणजे त्याची गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी, बघायला लावलं असतं. हा फ्यूजच. तो तू शोधलास, बदललास, शाबास. पण नवाही दोन दिवसांत उडाला आणि तू विचारतोस, "आई, दहा अँपिअरच्या जागी वीसचा टाकू का?"

नाही.

जरा हिशेब कर. पाच-पाच वॅटचे सहा बल्ब, म्हणजे 30 वॅट. 12 व्होल्टने भाग, अडीच अँपिअर आले. डॅशबोर्डचा उजेड त्यात मिळवलास तरी 10 चा फ्यूज पुरून उरतो. तरीही उडतोय, म्हणजे दोष फ्यूजचा नाही. कुठेतरी वायर सोलवटून पत्र्याला टेकतेय. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीलाच जोडलेलं असतं. वायर पत्र्याला लागली की करंटला बल्बमधून जायचे कष्टच नकोत, तो सरळ आडवाटेने पळतो. यालाच शॉर्ट म्हणतात. त्या वायरची जाडी दहाच्या फ्यूजला धरून ठेवलेली असते. वीसचा बसवलास तर एक तर तोही उडेल, नाही तर तो टिकेल आणि वायर तापेल. उडालेला परवडला.

तुझ्या जन्माच्या आधी, आमच्या जुन्या गाडीत, तुझ्या बाबांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी कोंबली होती. दिवे लागले, बाबा खूश. अर्ध्या तासात डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास आणि पाठोपाठ धूर. मी पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवेपर्यंत वायरींचा अख्खा झुपका एकमेकांना चिकटून बसला होता. बाबा अजून म्हणतात, चांदी हलक्या प्रतीची होती.

तर आता तुझं काम. उडालेला फ्यूज उजेडाकडे धर. आतली पट्टी मधोमध नुसती वितळून तुटली असेल तर बहुतेक वेळा भार हळूहळू जास्त झालेला असतो. फ्यूजची पारदर्शक खिडकी काळी पडली असेल, आत चंदेरी शिंतोडे उडाले असतील तर शॉर्ट. तुझा दुसऱ्या जातीचा निघणार असं मला वाटतं. आणि आठव, उडाला तेव्हा नेमकं काय चाललं होतं? स्विच दाबताच उडाला, की खड्ड्यात गाडी आदळल्यावर, की डिकी लावल्यावर? पहिल्यांदा दिवे गेले ते डिकीत सामान कोंबलंस त्याच दिवशी, हे तू बोलता बोलता सांगून गेलास. माझा संशय तिथेच आहे. हो, आणि गेल्या महिन्यात तू हौसेने कसली तरी रंगीत एलईडी पट्टी लावून घेतली होतीस, तिची वायर पार्किंगच्या वायरला जोडली असेल तर आधी ती काढ.

नवे फ्यूज एकामागून एक जाळत बसू नकोस. इंडिकेटरचा 21 वॅटचा जादा बल्ब घे, होल्डरला दोन वायरी लाव आणि त्यांची टोकं फ्यूजच्या दोन खाचांत बसव. खाचेत हात घालण्याआधी दिव्यांचा स्विच बंद. पार्किंगचे आणि मागचे बल्ब होल्डरमधून काढून ठेव, मग स्विच चालू कर. शॉर्ट असेल तर तुझा बल्ब लख्ख पेटेल. पण त्याच्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाणार नाही, त्यामुळे जळायची भीती नाही. डॅशबोर्डच्या उजेडामुळे मंद पेटला तर घाबरू नकोस, लख्ख पेटतो का एवढंच बघायचं. आता कुणाला तरी त्या बल्बवर नजर ठेवायला सांग आणि तू मागे जा. डिकीची बिजागरी असते ना, तिथे वायरी रबरी नळीतून वर झाकणात जातात. झाकण उघडताना-लावताना त्या दर वेळी दुमडतात आणि काही वर्षांत वरचं प्लास्टिक तडकतं. नळी मागे सरकव, एकेक वायर बोटांत धरून हलव. ज्या वायरीला हात लागताच पुढून "गेला!" किंवा "पेटला!" अशी हाक येईल, तीच.

तिथे काही सापडलं नाही तर मागच्या दिव्याचे होल्डर बघ. पाणी शिरून हिरवट बुरशीसारखा थर चढला असेल तर तोही कारण असू शकतो.

वायर सापडली तर नुसती काळी टेप गुंडाळून मोकळा होऊ नकोस, उन्हात ती सुटते. खराब तुकडा काप, थोडी लांब नवी वायर सोल्डर करून घाल, वर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी, चढव. जोड घडीच्या जागी येऊ देऊ नकोस, पुन्हा तिथेच तुटेल. मग 10 चा फ्यूज, लाल रंगाचा. निळा 15 चा आणि पिवळा 20 चा. पिवळे पाकिटातच राहू देत.

तोवर अंधार पडल्यावर गाडी काढू नकोस. मागून येणाऱ्याला तू दिसणारच नाहीस.

उडालेले दोन्ही फ्यूज फेकू नकोस, त्यांचा फोटो पाठव. काळी खिडकी निघाली की नाही ते मला बघायचंय, बाबांशी माझी पैज लागली आहे.

तुझी,
आई