विषय: मेंटेनन्सचा हिशोब आणि तुमच्या ऑफिसने आज दिलेलं उत्तर

आत्ताच तुमच्या ऑफिसशी बोलून फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलेय. सोसायटी आमची असली तरी तिचा कारभार बघणारी कंपनी तुमची, पैसे गोळा तुम्ही करता, खर्च तुम्ही करता, हिशोबही तुम्हीच ठेवता, त्यामुळे विचारणार तुम्हालाच.

तुम्ही पाठवलेल्या वार्षिक पत्रकात सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगनंतर सगळ्यात मोठा आकडा 'इतर खर्च' हा आहे. लाइट बिल, पाणी, पंप, बाग, विमा, ऑडिट फी सगळं वेगळं दाखवलंय, मग उरलं काय? मी फक्त बिलं मागितली. लिफ्टची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, म्हणजे पार्टचे पैसे त्यातच आले, हे तुम्हीच कमिटीला सांगून जास्त रेटने करार करून घेतलात, आणि तरी दरवाजाच्या सेन्सरचं बिल वेगळं लावलंय. टाक्या साफ केल्याचंही बिल आहे, पण टाकी साफ करायची तर पाणी बंद ठेवावं लागतं आणि त्या महिन्यात ना पाणी बंद झालं ना नोटीस लागली, मग साफ काय केलं?

आणि सिंकिंग फंड! तो फंड इमारतीच्या मोठ्या कामांसाठी असतो हे मी तुम्हाला सांगायची वेळ यावी? लिफ्ट वीस-पंचवीस वर्षांनी बदलावीच लागते, ड्रेनेजच्या लाइन सडतात, स्लॅबची दुरुस्ती निघते, त्यासाठी सगळे वर्षानुवर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकतात. तुम्ही त्यातून लॉबीचं फॉल्स सीलिंग आणि दिवे केलेत. आता गच्ची गळतेय तर फंडात पैसे नाहीत म्हणून प्रत्येक फ्लॅटकडून जादा वर्गणी मागताय. ज्यांचं पेन्शनवर भागतं त्यांनी ती एकदम कुठून आणायची?

आजचा फोन सविस्तर लिहिते, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल तर ऐकाच. मी म्हटलं 'इतर खर्चा'ची बिलं बघायची आहेत. तर तुमचे अकाउंट्सवाले म्हणाले, 'मॅडम, पत्रक पाठवलंय ना.' मी म्हटलं पत्रकात नुसते आकडे आहेत, मला बिलं हवीत. तर म्हणे, 'बिलं फक्त कमिटीला दाखवतो.' मी म्हटलं कमिटीच म्हणतेय की बिलं तुमच्याकडे आहेत. मग मला होल्डवर ठेवलं, परत आले आणि म्हणाले, 'मॅडम, असं करा, तुमच्या मिस्टरांना फोन करायला सांगा, हिशोबाचं त्यांना समजावून सांगतो.' फ्लॅट माझ्या नावावर आहे, मेंटेनन्स दर महिन्याला माझ्या खात्यातून जातो, पैसे घेताना तुम्हाला मिस्टर लागत नाहीत आणि हिशोब देताना लागतात? मी नाव विचारलं तर फोन कट. इतका अपमान मला कुठल्या ऑफिसात सहन करावा लागला नव्हता, आणि तोही माझेच पैसे कुठे गेले हे विचारल्याबद्दल.

तुमची फी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर आहे, म्हणजे आमचा खर्च वाढला की तुमची कमाई वाढते, असा करार कमिटीने मान्य करायलाच नको होता हे मी त्यांनाही सांगितलंय. पण निदान कोटेशन तरी दाखवा. पेंटिंगचं काम ज्या कंत्राटदाराला दिलंत त्याच्या बिलावरचा पत्ता आणि तुमच्या ऑफिसचा पत्ता एकच आहे, बाकी कोणाकडून रेट मागवले होते का?

तुम्हाला नेमायच्या सभेत मी तुमच्या बाजूने बोलले होते, सगळं पारदर्शक राहील असं तुम्ही सांगितलंत आणि माझा विश्वास बसला, म्हणून जास्तच लागलंय. मेंटेनन्स मी थांबवणार नाही, कारण थांबवला तर पगार गार्डचा आणि झाडलोट करणाऱ्या ताईंचा अडकेल, तुमचा नाही. पण पुढच्या सर्वसाधारण सभेआधी 'इतर खर्चा'ची सगळी बिलं, पेंटिंगची कोटेशनं आणि सिंकिंग फंडाचं बँक स्टेटमेंट मिळालं नाही तर तुमचा करार रिन्यू करू नये आणि बाहेरच्या ऑडिटरकडून सगळे हिशोब तपासून घ्यावेत असा ठराव मी मांडणार आहे, सह्या गोळा करायला सुरुवात केलीच आहे. बिलं द्या. उत्तर लेखी आणि माझ्या नावाने पाठवा, फोन नको.