टीईटीचा निकाल कॉलेजवार जाहीर करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपुरात दिघोरी चौकातून उमरेड रोडला लागलं की थोडं पुढे माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक झेरॉक्स मशीन. २०१३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली, तेव्हापासून मी टीईटीचे फॉर्म भरतो आहे. कुही, भिवापूर, उमरेडकडच्या डी.एड. झालेल्या मुली एसटीने दिघोरीला उतरतात, हातात प्लॅस्टिकची फाइल असते, फाइलीत गुणपत्रिका. फोटो किती केबीचा, सही कोणत्या चौकोनात, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, हे सगळं मी आता डोळे मिटून करू शकतो. पण त्या गुणपत्रिका पाहून जो प्रश्न मला दरवेळी पडतो, तो आज आपल्या दैनिकातून विचारतो आहे. कोणत्या डी.एड. कॉलेजची किती मुलं टीईटीला बसली आणि किती पात्र ठरली, हे राज्य परीक्षा परिषद लोकांपुढे का ठेवत नाही?

कुही तालुक्यातली एक मुलगी आहे. नाव देत नाही. तिचा फॉर्म मी २०१७ ला भरला, २०१८ ला भरला, जानेवारी २०२० च्या परीक्षेला भरला, २०२१ ला भरला. मग तीन वर्षं परीक्षाच झाली नाही. २०२४ ला पुन्हा भरला. डी.एड.ला तिला ७९ टक्के आहेत. गुणपत्रिकेवर अंतर्गत गुणांचे रकाने काठोकाठ भरलेले. टीईटीत मात्र एकदाही निघाली नाही.

गेल्या वेळी अंतिम उत्तरसूची आली त्या दिवशी ती दुकानात आली. मी प्रिंट काढून दिली. तिने काउंटरवरच प्रश्नपत्रिका उघडली आणि पेन्सिलीने एकेक उत्तर ताडून पाहायला लागली. पहिल्या पेपरात पाच भाग असतात, प्रत्येकी तीस गुणांचे. मराठी २२ आलं. परिसर अभ्यास १७. इंग्रजी १२, गणित १०. बालमानसशास्त्र १३. बेरीज मी केली, ७४. पात्र व्हायला ६० टक्के लागतात, म्हणजे दीडशेपैकी ९०. मागास प्रवर्गांना ५५ टक्के. दोन्हींपासून ती लांबच राहिली.

एका प्रश्नावर तिची पेन्सिल थांबली. मूल पसरट भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलेलं पाहतं आणि पेल्यात पाणी जास्त झालं म्हणतं, ते का, अशा अर्थाचा तो होता. ती म्हणाली, "काका, माह्या भाच्यानं अगदी हेच म्हटलं होतं मले. दुधाचा गिलास पाहून. पण याचं उत्तर काय लिवाचं ते कोणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, बाई, डी.एड.ला बालमानसशास्त्र नव्हतं काय?

"होतं ना. पण शिकवलं कोणं? कॉलेजात दोनच मॅडम. एक ऑफिसात बसे अन् एक सगळेच विषय घे. आम्ही फाइली लिवत राहिलो. सरावपाठाच्या वहीवर सही झाली का घरी."

ते कॉलेज कोणतं, हे मी इथे लिहीत नाही. एका मुलीच्या सांगण्यावरून एखाद्या संस्थेचं नाव छापणं बरोबर नाही, हे मला समजतं. पण म्हणूनच आकडे पाहिजेत. तिची एकटीची अडचण होती, की तिच्याबरोबर शिकलेल्या सगळ्यांचीच गाडी तिथेच अडली, हे आकड्यांशिवाय कळायचं कसं? तिच्या वर्गातल्या आणखी दोघी माझ्याकडे यायच्या. दोघींनाही डी.एड.ला पंचाहत्तरच्या वर टक्के, आणि टीईटीत दोघी अपात्र. तीन मुलींवरून मी कोणावर ठपका ठेवणार नाही. परिषदेकडे मात्र तीन नव्हे, सगळ्या मुली आहेत.

हे मी का म्हणतो, ते नीट सांगतो. डी.एड.ला आता डी.एल.एड. म्हणतात. त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. टीईटीही तीच परिषद घेते. पहिल्या परीक्षेच्या यादीत विद्यार्थ्याचं कॉलेज आहे, दुसऱ्या यादीत त्याचे टीईटीचे गुण आहेत, आणि दोन्ही याद्या एकाच कार्यालयात आहेत. त्या जोडल्या की महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजचा टीईटीचा निकाल हाती येतो. इतक्या वर्षांत असा तक्ता माझ्या दुकानाच्या पडद्यावर एकदाही आलेला नाही. राज्याचा एकूण निकाल तेवढा येतो. २०२१ आणि २०२४ च्या दोन्ही परीक्षांत शंभरातले चारही पात्र ठरले नाहीत. ती बातमी पहिल्या पानावर येते, मुलांचा दर्जा घसरला म्हणून चार दिवस लिहून येतं आणि विषय संपतो. त्या मुलांना दोन वर्षं शिकवलं कोणी, फी घेतली कोणी, ७९ टक्के दिले कोणी, तिथपर्यंत कोणी जात नाही.

दहावीचा निकाल लागला की शाळेशाळेची टक्केवारी त्याच दिवशी कळते. नागपूर विभाग राज्यात कितवा, विभागात कोणता जिल्हा पुढे, हे आपणच छापता. निकाल पडला तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. ज्या संस्था त्या शाळांना गुरुजी पुरवतात, त्यांना असं उत्तर कोणीच मागत नाही.

टीईटी आली ती शिक्षण हक्क कायद्याच्या मागोमाग. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ती सक्तीची केली. मग ११ फेब्रुवारी २०११ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ही परीक्षा कशासाठी, याची कारणं दिली आहेत. त्यातलं एक कारण असं, की शिक्षक तयार करणाऱ्या संस्था आणि तिथले विद्यार्थी यांनी आपली कामगिरी आणखी सुधारावी. म्हणजे ही परीक्षा मुलांइतकीच कॉलेजांचीही आहे, असं सरकारी कागदच सांगतो. मुलांच्या हातात गुणपत्रक दिलं जातं. कॉलेजांचं गुणपत्रक तेवढं राहून गेलं.

कॉलेजांबद्दलची शंका आजची नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत डी.एड. कॉलेजं गावोगाव उघडली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. महाराष्ट्रातल्या अशाच जवळपास तीनशे संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ ला अहवाल आला. देशभरच्या शिक्षक शिक्षणाचा विचार त्यात आहे, पण सुरुवात आपल्याच राज्यातल्या कॉलेजांपासून झाली. त्याच सुमाराची पटपडताळणी, म्हणजे शाळांत खरी मुलं किती याची मोजणी, मग अतिरिक्त शिक्षक, भरतीबंदी यांत बरीच कॉलेजं आपोआप बंद पडली. जी उरली त्यांत चांगली कोणती आणि नावापुरती कोणती, हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिला तिकडे प्राथमिक शाळेत शिकवायचं होतं. तिकडच्या परवाना परीक्षेला प्रॅक्सिस म्हणतात. ती बसली तेव्हा भाषा-वाचन, गणित, सामाजिक शास्त्रं आणि विज्ञान असे चार भाग होते, आणि प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत होतं. गणितात राहिलं तर गणितच पुन्हा द्यायचं. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. प्रवेश घेण्याआधी ती घरी बसून कोणत्या कॉलेजची किती मुलं या परीक्षेत पास होतात ते पाहत होती. अमेरिकेत १९९८ पासून कायदाच आहे, शिक्षक घडवणाऱ्या प्रत्येक संस्थेला परवाना परीक्षेचा आपला निकाल सरकारला कळवावा लागतो आणि तो सगळ्यांना पाहता येतो.

त्यातली पळवाटही तिनेच सांगितली, आणि ती आपल्याकडे आधीच बुजवायला हवी. कायद्यात कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांचा निकाल विचारला होता. मग काही कॉलेजांनी नियमच केला, परवाना परीक्षा पास झाल्याशिवाय कोर्स पूर्ण धरायचा नाही. नापास झालेले मोजणीतून बाहेर, कॉलेजचा निकाल शंभर टक्के! म्हणून २०२१ मध्ये तिथल्या एका शिक्षक-गुणवत्ता संस्थेने राज्यांकडून आकडे मिळवून पहिल्याच प्रयत्नात किती पास झाले ते कॉलेजवार मांडलं. पहिल्या प्रयत्नाचा आकडा खरा. पाचव्यांदा पास होणाऱ्या मुलीने मधल्या वर्षांत क्लास लावलेला असतो, पुस्तकं स्वतः विकत घेतलेली असतात, लायब्ररीत महिन्याचे पैसे भरलेले असतात. त्या यशात कॉलेजचा वाटा किती उरतो?

ओळखीच्या एका प्राध्यापकांपाशी मी हा विषय काढला. ते डी.एल.एड. कॉलेजात शिकवतात, तळमळीचे आहेत. म्हणाले, "आमच्याकडे येणारी मुलं कोणती ते पाहा. बारावीला पन्नास टक्क्यांच्या आसपासची, इंग्रजीला घाबरणारी. शहरातल्या चांगल्या कॉलेजशी आमची तुलना केली तर आम्ही मेलोच." त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून नुसती टक्केवारी नको. प्रवेशाच्या वेळी मुलांचे बारावीचे गुण काय होते तो रकाना शेजारी द्यावा. पंचेचाळीस-पन्नासवाल्या मुलांना घेऊन जे कॉलेज निम्म्या मुलांना पात्र करतं, त्याचं मोठेपण मग आपसूक दिसेल. आज तेही झाकलेलंच आहे. लहान कॉलेजांचा प्रश्नही आहे. सात मुलं बसली आणि एक निघाली, तर त्या टक्केवारीला अर्थ नाही. अमेरिकेतही दहापेक्षा कमी परीक्षार्थी असले तर टक्केवारी देत नाहीत. आपण सलग तीन परीक्षांची बेरीज द्यावी.

आणि निकाल विषयवार द्यावा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण काउंटरवरची ती बेरीज मी विसरलेलो नाही. आपल्याकडे एकूण गुणांवर पात्र ठरवतात. गणितात तीसपैकी दहा मिळवूनही बाकी भागांच्या जोरावर एखादा पात्र होतो आणि तिसरी-चौथीला भागाकार शिकवायला उभा राहतो. एखाद्या कॉलेजची मुलं गणितात सालोसाल दहा-बारावर अडकतात हे दिसलं, तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे आपल्या डाएटला, मदत नेमकी कुठे पाठवायची ते तरी कळेल.

पैसे घेऊन अपात्रांना पात्र दाखवल्याच्या टीईटी घोटाळ्याचाही विचार करा. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी तो उघडकीस आणला आणि पुढे साडेसात हजारांवर परीक्षार्थींवर कारवाई झाली. त्या दिवसांत माझ्याकडच्या प्रामाणिक मुली हवालदिल झाल्या होत्या. अभ्यास करून काय फायदा, असं त्यांतल्या एकीने मला तोंडावर विचारलं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कॉलेजवार तक्ता दरवर्षी लोकांसमोर असता, तर जिथे वर्षानुवर्षं कोणी निघत नाही तिथली निम्मी मुलं एकदम पात्र झालेली कोणाच्या ना कोणाच्या नजरेत आलीच असती.

आता एक नवी गुंतागुंत झाली आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या, नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावी लागेल. २३ नोव्हेंबरच्या परीक्षेआधी माझ्या दुकानात पंचेचाळीस-पन्नाशीचे गुरुजी आणि बाई यायला लागले. जाड चष्मा, डी.एड.ची पिवळी पडलेली गुणपत्रिका, फॉर्म भरताना हात थरथरतो. वीस-पंचवीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसांना त्या बाकावर मुलीच्या वयाच्या पोरींजवळ बसलेलं पाहून मला वाईट वाटलं. त्यांचा निकाल नव्या मुलांच्या निकालात मिसळू नये. त्यांच्या कॉलेजातून ते कधीच बाहेर पडले आहेत, त्यातली काही कॉलेजं आज अस्तित्वातही नाहीत. तक्ता गेल्या तीन-चार वर्षांत डी.एल.एड. उत्तीर्ण झालेल्यांचाच हवा.

प्राथमिक शाळेसाठी हे आधीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड.वाल्यांची वाट बंद झाली. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला अक्षरओळख करून देणारा माणूस आज या डी.एल.एड. कॉलेजांतूनच येणार.

माझी मागणी एवढीच आहे. परीक्षा परिषदेने प्रत्येक टीईटीनंतर कॉलेजवार किती बसले, पहिल्या प्रयत्नात किती पात्र झाले आणि पाच भागांत सरासरी किती गुण पडले, हे संकेतस्थळावर टाकावं. आणि ते डी.एल.एड.चे प्रवेश सुरू होण्याच्या आधी टाकावं.

आधी का, ते सांगतो. कुहीच्या त्या मुलीची धाकटी बहीण बारावी झाली. बहिणीचे पाच फॉर्म भरताना तिने पाहिले आहेत, तरी तिला शिक्षिकाच व्हायचं आहे. गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत दोघी बहिणी दुकानात आल्या. मी पसंतीक्रमाचं पान उघडलं, पडद्यावर नागपूर जिल्ह्यातली कॉलेजं एकाखाली एक आली. नाव, माध्यम, जागा किती. धाकटीने मला विचारलं, "काका, यातलं कोणतं पहिलं टाकू?" मोठी काहीच बोलली नाही, तिने फक्त आपल्या जुन्या कॉलेजच्या नावावर बोट ठेवून मान हलवली. बाकीच्या नावांबद्दल सांगण्यासारखं आमच्या तिघांजवळ काही नव्हतं. शेवटी ज्या कॉलेजला एसटी थेट जाते, ते आम्ही पहिलं टाकलं.

आपला,
एक ऑनलाइन फॉर्म केंद्रचालक,
दिघोरी, नागपूर