टॉकीजच्या ऑपरेटर काकांना, मनापासून थँक्यू

काका, हे सगळ्यांसमोर लिहितेय कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे गं" म्हणत चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच संपतो.

मला एखादा पिक्चर आवडला की नुसता बघून भागत नाही, तो कोणी केला, कसा केला, कशावर शूट केला हे सगळं खणून काढेपर्यंत चैन पडत नाही, शाळेपासून हे असंच. सध्या दादासाहेब फाळके. आणि नाशिकच्या मुलीला फाळक्यांचं वेड नाही लागणार तर कोणाचं लागणार, जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1913 ला राजा हरिश्चंद्र मुंबईत लागला आणि मग बिऱ्हाड न् काम दोन्ही नाशकात, लंका दहन, कालिया मर्दन सगळं इथलं. आपल्याकडे मात्र फाळके म्हटलं की पांडवलेणीखालचं स्मारक, तिथली ट्रिप, फोटो, बस. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी अडकले होते एका आकड्यापाशी. राजा हरिश्चंद्रची लांबी 3,700 फूट आणि वेळ बऱ्याच ठिकाणी 40 मिनिटं, पण फुटांची मिनिटं होतात कशी ते कोणी सांगेना, ज्याला विचारावं तो म्हणायचा एवढं खोलात जाऊन काय करायचंय. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही कपाटावरचा पत्र्याचा डबा काढलात, त्यातला फिल्मचा तुकडा खिडकीपाशी धरलात आणि नखाने मोजून दाखवलंत, एका चौकटीला एका बाजूला चार भोकं, फुटात सोळा चौकटी. बोलपट सेकंदाला 24 चौकटींनी धावतो म्हणजे मिनिटाला नव्वद फूट, मूकपटाला हाताने हँडल मारायचे, स्पीड काही ठरलेला नसायचा पण सोळा धरला तर सेकंदाला बरोबर एक फूट. मग पेपरच्या कडेला तुमचा हिशोब, नव्वदने भागलं की 41 मिनिटं आणि साठने भागलं की जवळजवळ 62! म्हणजे तो 40 चा आकडा बोलपटाच्या स्पीडने काढलेला दिसतो, आणि जुन्या मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात ती पण म्हणूनच, कमी स्पीडने शूट केलेलं जास्त स्पीडने दाखवतात.

त्या दिवशी अजून एक झालं, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या हे मी कितीदा वाचलं होतं, वाचलं न् पुढे गेले. तुमच्या हातातली ती भोकं बोटाने चाचपल्यावर घरी येऊन हिशोब केला, एका फुटाला दोन्ही बाजूंची मिळून 128. मशीन होतं मान्य, पण अंधार होता, घरात लहान मुलं होती आणि दिवसभर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. पहिल्या भारतीय पिक्चरबद्दल बोलताना त्यांचं नाव दुसऱ्या वाक्यात यायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

काका, टॉकीजमध्ये इतकी वर्षं मशीन चालवून जे तुमच्या हातात आलंय ते तुम्ही हातचं काही न राखता दिलंत, माझ्या प्रश्नाला फालतू न समजता. खूप खूप आभार.

आणि हो, रविवारी येतेय. लंका दहनमध्ये राम पण अण्णा साळुंके आणि सीता पण तेच, मग दोघं एकत्र असतील ते सीन कसे घेतले असतील यावर तुमच्याशी बोलायचंय, डबा खाली काढून ठेवा.