वादळ खाली सरकलं तेव्हा

टॅम्पा, 20 ऑक्टोबर 2024

प्रिय रव्या,

आधी शिव्या घालून घे. चार वर्षांत मी तुला दिवाळीचे फॉरवर्ड सोडून काही पाठवलं नाही, आणि तूही अंगठा दाखवून मोकळा होत आलास. आम्ही ठीक. माझी शुगर जैसे थे. छप्पर शाबूत आहे, कुंपण शेजाऱ्याकडे राहायला गेलंय.

मिल्टन चक्रीवादळाचं ऐकलंच असशील. आधीच्या हेलेन वादळाला दोन आठवडे होत नव्हते, भिजलेल्या गाद्या-सोफे अजून रस्त्याकडेला पडून होते, तोवर हे दुसरं. 7 तारखेला मेक्सिकोच्या आखातात ताशी 180 मैल वारा, आणि जो तो म्हणतोय, थेट टॅम्पा. आमचं घर पाणी शिरायच्या पट्ट्यात नाही म्हणून थांबलो. 9 तारखेला सकाळपासून मी लॅपटॉपसमोर. इथल्या रस्किनच्या हवामान-रडारचं चित्र दर पाच-सहा मिनिटांनी बदलतं. हिरवं, पिवळं, लाल, आणि मधे मेदूवड्याचं भोक, तो डोळा. तो काही सरळ येत नाही रे, शिमग्यातल्या नानासारखा झोकांड्या देत येतो. एका चित्रात वर, पुढच्यात खाली. शेवटी बायकोचं टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि नकाशा न हलवता, दर अर्ध्या तासाला डोळा असेल तिथे स्क्रीनवरच एक टिकली. घरात घट बसलेले, गावच्या ग्रुपवर रतन टाटा गेल्याची बातमी, आणि मी टिकल्या लावतोय. (म्हणशील, याला भूगोलात 35 मार्क. 38 होते.)

संध्याकाळपर्यंत टिकल्यांची रांग आमच्या खालच्या सारासोटा शहराकडे वळलेली स्पष्ट दिसली. डोळा आमच्या खाडीच्या दक्षिणेला घुसला की आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे पाणी चढायच्या ऐवजी उतरतं. मी खुर्चीतून उठून ओरडलो, "खाली सरकलं!"

आणि तोंड मिटायच्या आत तू आठवलास.

3 जून 2020 लाही मी असाच इथे पहाटे मुंबईचं रडार उघडून बसलो होतो. आई ताईकडे दादरला. टीव्हीवर सगळी मुंबईच. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं आणि मी ग्रुपवर टाकलं, "हुश्श, खाली सरकलं. वाचलो!" खाली म्हणजे कुठे, हे डोक्यातच आलं नाही. खाली श्रीवर्धन होतं, आप्पांची वाडी होती. तुला रेंज मिळाली आठ दिवसांनी माणगावात, आणि उघडला तो माझाच मेसेज. "तुमची मुंबई वाचली ना, झालं," एवढंच म्हणालास. वर मी विचारलं काय, तर पंचनामा झाला का! किती पोफळी उभ्या राहिल्या, ते नाही. खरं सांगतो, तेव्हा मला तुझाच राग आला होता. वादळ काय मी वळवलं?

या वेळी रात्री साडेआठला ते सारासोटाजवळच्या सिएस्टा की बेटाला लागलं. तेवढ्यात दिवे गेले, घरात फक्त घटाचा दिवा. ऑफिसातली एक बाई सारासोटात राहते, तिचा मेसेज आला: नेट नीट चालत नाहीये, रडारवर बघून सांग, कुठे आलंय? मी फोन हातात धरून बसून राहिलो. "तुमच्यावरच आहे," एवढंच लिहिलं. "आम्ही वाचलो" लिहिलं नाही. चार वर्षांत झालेली सुधारणा एवढीच. ती सुखरूप आहे, घरात गुडघाभर पाणी आलं.

तसे आम्हीही कसले वाचलो? शेजारच्या सेंट पीटर्सबर्गला 18 इंच पाऊस, तिथल्या स्टेडियमच्या छताच्या चिंध्या. आणि डोळ्यापासून कितीतरी लांब, फ्लोरिडाच्या पार पूर्व किनाऱ्यावर, टोर्नाडोंनी दुपारीच माणसं मारली. तिकडे माझी एकही टिकली नव्हती.

वहिनींचं ऑपरेशन झालं असं ताईकडून कळलं, आता बरं ना? चिन्मयचं कुठे जमलं? नव्या पोफळी डोक्याच्या वर गेल्या का? जुन्यांपैकी किती राहिल्या, तेही सांग. उशिरा विचारतोय.

स्क्रीनवर गोंदाचे डाग राहिलेत, बायको नवं पाकीट मागतेय. दिवाळीत फोन करतो. उचल, लेका.

तुझा,
सुध्या