गुरवकाका, गाऱ्हाणे घालायला शिकवलेत म्हणून

आदरणीय गुरवकाकांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्या पेडण्यात दुकान घालायचे असो, सोयरीक जुळवायची असो की मुलाला जहाजावर पाठवायचे असो, पाय आधी देवळाकडे वळतात. कौल लावतात, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचे उत्तर घेतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. देवाला काय विचारावे आणि विचारण्याआधी आपण काय करून यावे, हे मात्र तुम्ही शिकवलेत. त्यासाठी हे पत्र.

पाकळ्यांचे काम तुम्ही किती निगुतीने करता! फूल त्याच सकाळचे, पाकळ्या एकसारख्या, पाणी बोटाच्या टोकाला लागेल तेवढेच. पाणी जास्त झाले की पाकळी वजनाने घसरते, कमी पडले तर चिकटतच नाही. गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या दिशेचा पंखा आधी बंद करायला लावता, कारण वाऱ्याने पडलेल्या पाकळीला देवाचे उत्तर म्हणायचे नाही. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर थांबायचे.

पण खरी मेहनत गाऱ्हाण्याआधीची, म्हणजे देवापुढे मागणे मांडण्याआधीची. ‘धंद्यात यश येईल का?’ हा प्रश्न तुम्ही घेत नाही. ‘बाजारातला गाळा चतुर्थीआधी घ्यावा का?’ असा करून आणायला सांगता. ‘गाळा घेऊ की मुलाला दुबईला पाठवू?’ असे जोडून विचारले तर उजवा कौल नेमका कशाला, ते कोण सांगणार? शिवाय कर्ज किती, महिन्याचा हप्ता किती, पंचायतीचा परवाना हातात आहे का, हे तुम्ही आधी विचारता. नवरा-बायको दोघांनाही समोर उभे करता. देवापुढे मोठ्याने सांगितलेली कर्जाची रक्कम मग घरात लपवता येत नाही, आणि आमच्या मते कौलाइतकाच या उच्चाराचा घराला आधार होतो. लग्नाची गोष्ट असेल तर मुलीचे मन विचारल्याशिवाय तुम्ही पाकळीला हात लावत नाही.

आजारपणात तर तुमचा नियम ठाम: ‘औषध बंद करू का?’ हे देवाला विचारायचेच नाही. आधी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात दाखवायचे; नारळ ठेवून धीर मागायचा तो उपचार चालू असताना.

डावा कौल मिळाला की माणसे बिथरतात, दुसऱ्या देवळात धावतात, नाहीतर उजवा मिळेपर्यंत पुन्हा लावा म्हणतात. तुम्ही शांतपणे सांगता, मधल्या काळात काही बदलले असेल तरच पुन्हा विचारा. जामीनदार मिळाला, भाडे कमी झाले, मुलाची परीक्षा आटोपली, असे काहीतरी. उजवा मिळाल्यावरही हात सैल सोडू देत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या 61 दिवसांत इंजिन उघडून पाहायचे, जाळी दुरुस्त करायची, लाईफ जॅकेटचे पट्टे तपासायचे. नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला वाहिला म्हणून कुजलेला पट्टा टिकत नाही, हे तुमच्या तोंडून ऐकलेले तरुण ऐकतात. आमच्या तोंडून नाही.

आंगवणीचे, म्हणजे नवसाचेही तसेच. सोन्याची बोलून ती फेडायला पुन्हा कर्ज काढणारी घरे तुम्ही वेळीच अडवलीत. एक नारळ, केळ्यांचा घड, समईला महिनाभराचे तेल, एवढीच बोलायची. ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवायची आणि काम झाले की पुढच्या सणाची वाट न पाहता फेडायची. सुतक आले तर ते सरल्यावर.

काका, दक्षिणेच्या ताटात तुम्ही कधी डोकावून पाहिले नाहीत. गेल्या पावसात सभामंडपाच्या दक्षिण कोपऱ्यात पाणी ठिबकत होते. तिथले वासे आणि नळे, म्हणजे छपराची कौले, बदलण्याचे काम वाड्याने अंगावर घेतले आहे. मेअखेरीपर्यंत पुरे करू. तेवढे दिवस समई कुठे हलवायची, ते मात्र तुम्हीच सांगा.

तुमचीच,
वाड्यावरची सगळी घरे