नोंद कोणाची, सही कोणाची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

समाजकार्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यामुळे कार्यकर्त्यांची कागदपत्रांतून सुटका होणार, असे सांगणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मी तीसहून अधिक वर्षे अडचणीतल्या कुटुंबांबरोबर काम केले आहे आणि सध्या या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुलामुलींच्या केस फायली तपासते. ही सुटका व्हावी, असे मलाही मनापासून वाटते. पण नेमकी कशातून सुटका आणि वाचलेला वेळ जाणार कुठे, याबद्दल लेखात काहीच नव्हते, म्हणून लिहिते आहे.

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक ॲप आले. गृहभेटीला जाताना फोन समोर ठेवायचा, बोलणे रेकॉर्ड होते आणि कार्यालयात परत येईपर्यंत केस नोट, म्हणजे त्या भेटीची नोंद, तयार असते. एका तरुण सहकारिणीने अशीच एक नोट माझ्याकडे सहीसाठी आणली. नीटनेटकी, एकही चूक नसलेली. त्यात दोन वाक्ये होती : 'घरातील परिस्थिती ठीक असल्याचे क्लायंटने सांगितले. सध्या तातडीच्या मदतीची आवश्यकता दिसत नाही.'

मी तिला विचारले, "ठीक आहे असं म्हणाली तेव्हा ती बघत कुठे होती?"

ती थबकली. मग म्हणाली, "दाराकडे, मॅडम. सासू दारात उभी होती ना."

मग तिला एकेक आठवत गेले. प्रश्न विचारल्यावर बाई बराच वेळ गप्प होती. मांडीवरच्या मुलाच्या केसांतून नुसता हात फिरवत राहिली आणि एकदम घाईघाईने म्हणाली, "सगळं ठीक आहे हो." यातले काहीही नोटेत उतरले नव्हते. पहिले वाक्य खोटे होते असे मी म्हणणार नाही, बाई तसे म्हणाली होतीच. दुसरे वाक्य मात्र त्या खोलीत कुणीच उच्चारले नव्हते. ते ॲपने स्वतःच जोडले होते. माझी सहकारी हुशार आहे, कामाची कळकळ असलेली आहे, तरी ते वाक्य तिच्या नजरेतून सुटले, कारण ते अगदी आमच्याच कार्यालयीन भाषेत होते. तिच्या हातून लिहिले गेले असते तर 'आवश्यकता दिसत नाही' या शब्दांपाशी तिचा हात अडला असता, याची मला खात्री आहे.

हा दोष एकट्या आमच्या ॲपचा नाही. बोलण्याचे लिखाणात रूपांतर करणाऱ्या 'व्हिस्पर' या बहुचर्चित प्रणालीची तपासणी अमेरिकेतल्या संशोधकांनी केली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांच्या लिखाणात कुणीही न बोललेली आख्खी वाक्ये किंवा वाक्यांचे तुकडे सापडले. बोलताना मध्ये शांतता जास्त असेल तर हे अधिक घडते. मेंदूच्या आजाराने ज्यांची वाचा अडखळते, त्यांच्या बोलण्यात म्हणूनच ते जास्त दिसले. हे वाचून मी खरोखर हादरले. १ टक्का म्हणजे ऐकायला थोडेच. पण आमच्या कामात शांतता कुठे असते? ज्या घरात मारहाण होते तिथे, ज्या मुलीला काय झाले ते सांगता येत नाही तिच्यापाशी, नुकतेच कुणी गमावलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ. जिथे माणूस सगळ्यात जास्त गप्प असतो, तिथेच यंत्र स्वतःचे शब्द घालण्याची शक्यता जास्त असते.

समाजकार्याचे शिक्षण घेताना आम्हाला अमेरिकन समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड शिकवल्या गेल्या. केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीला किंवा कुटुंबाला धरून करायच्या कामाची, शास्त्रशुद्ध मांडणी त्यांनी १९१७ मध्ये केली. डोळ्यांनी पाहिलेले, कुणी सांगितलेले आणि त्यावरून आपण काढलेले अनुमान या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायच्या, हे तेव्हापासून या कामाचे पहिले पथ्य आहे. त्या नोटेत पाहिलेले गळून गेले होते आणि सांगितलेले व अनुमान एकाच सुरात पुढेमागे बसले होते. वर्षभराने ती फाइल दुसऱ्या कुणाच्या हाती गेली, तर कुठले वाक्य बाईचे आणि कुठले यंत्राचे, हे त्याला कळणार कसे? आणि अशा फायली न्यायालयातही जातात.

डिजिटल साधनांनाच माझा विरोध आहे, असे कृपया कुणी समजू नये. जिला घराबाहेर पडता येत नाही अशी मुलगी रात्री चोरून मेसेज करू शकते. ऐकू न येणाऱ्या माणसाला दुभाष्याची वाट न पाहता आमच्याशी लिहून बोलता येते. परक्या भाषेतल्या कुटुंबाशी पहिली दोन वाक्ये बोलायला फोनवरचे भाषांतर मलाही उपयोगी पडले आहे. तेच नाव, तोच पत्ता, तीच जन्मतारीख सात फॉर्मांवर लिहिण्यात आयुष्याचे किती तास गेले ते आठवले की आजही जीव जळतो. ते काम यंत्राने आनंदाने करावे.

पण संगणक आला की वेळ वाचतो, हे आश्वासन आम्ही पूर्वीही ऐकले आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये, जिच्या ताब्यात ती होती त्याच नातलग बाईने आणि तिच्या जोडीदाराने केलेल्या छळाने मेली. पोलीस, रुग्णालये, समाजकार्य विभाग, सगळ्यांची तिच्याशी गाठ पडली होती. एकाजवळची माहिती दुसऱ्यापर्यंत धड पोचली नाही. २००३ मध्ये लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल आला. पुढे इंग्लंडमधल्या सगळ्या मुलांची प्राथमिक माहिती एकत्र ठेवणारा 'कॉन्टॅक्टपॉइंट' हा डेटाबेस उभारला गेला आणि नव्या सरकारने २०१० मध्ये तो बंदही केला. त्याच काळात मुलांच्या केसेससाठी आणलेल्या संगणक प्रणालीचे रकाने भरता भरता कार्यकर्त्यांचा दिवस मावळू लागला. २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी बालसंरक्षण व्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना दिसले ते हेच : नियम आणि नोंदी पुऱ्या करण्याच्या नादात मुलांसोबत घालवायचा वेळच आटला होता. जिच्याकडे कुणी नीट पाहिले नाही अशा मुलीसाठी ही सारी खटपट सुरू झाली होती, आणि शेवटी मुलांकडे पाहायलाच वेळ उरला नाही. हे आठवले की मला फार वाईट वाटते.

आता नोंदींच्या पुढे जाऊन यंत्र आकडा सांगू लागले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ॲलेगेनी काउंटीत ऑगस्ट २०१६ पासून अशी पद्धत आहे. मुलाकडे दुर्लक्ष होते आहे असा फोन आला की प्रणाली सरकारी नोंदी चाळते आणि त्या कुटुंबाला १ ते २० मधला जोखमीचा आकडा देते (आकडा मोठा, तर जोखीम जास्त). चौकशी करायची की नाही हे माणूसच ठरवतो, असे तिथे सांगितले जाते. पण सरकारी नोंदी असतात कुणाच्या? ज्याने सरकारी मदत घेतली, सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार घेतले, तुरुंगवास भोगला, त्याच्या. पैसे मोजून खासगीत उपचार घेणाऱ्याचे दुःख त्या नोंदींत बहुधा येतच नाही. म्हणजे मदत मागायला आलेल्या माणसाचे ते मागणेच त्याच्या खात्यावर जोखीम म्हणून जमा होऊ शकते. ओरेगन राज्याने याच धर्तीवरची आपली प्रणाली २०२२ मध्ये थांबवली.

नेदरलँड्समध्ये काय झाले ते तर सर्वांनी वाचावे. मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणाऱ्या अनुदानात गैरव्यवहार शोधण्याच्या नावाखाली हजारो पालकांवर खोटा ठपका आला. संशयित निवडणाऱ्या स्वयंचलित प्रणालीत, माणूस डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष होता. लहानशा चुकीसाठी अनेक वर्षांचे अनुदान परत मागितले गेले. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले, आणि या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुले त्या काळात घरापासून दूर ठेवली गेली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. त्या पालकांपैकी कितीतरी जण कागद घेऊन खिडकीपाशी गेले असतील आणि खिडकीतल्या माणसाने 'सिस्टिममध्ये असं दिसतंय' एवढेच सांगितले असेल. हे उत्तर मीही लोकांना दिलेले आहे. त्याची मला आज लाज वाटते.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने सरकारी मदतीची पात्रता ठरवणाऱ्या अशा प्रणाली उच्च जोखमीच्या ठरवल्या आहेत आणि त्यांच्यावर माणसाची देखरेख हवी, अशी अट घातली आहे. चांगली गोष्ट आहे. पण देखरेख करणाऱ्याजवळ वेळ हवा, आणि 'हा आकडा मला पटत नाही' असे लिहिण्याची मोकळीक हवी. आकडा १८ आला आणि कार्यकर्तीने चौकशी केली नाही, नंतर काही घडले, तर जाब तिला विचारला जाणार. आकडा मानून उगाच एखाद्या घरात चौकशी केली, तर तिला कुणीही काही विचारणार नाही. अशा स्थितीत ती काय करेल, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

समुपदेशन करणाऱ्या चॅटबॉटबद्दल थोडक्यातच लिहिते. अमेरिकेत खाण्याच्या विकारांनी त्रस्त लोकांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये आपली हेल्पलाइन बंद करायची ठरवली. लोकांना वळवले जाणार होते 'टेसा' नावाच्या चॅटबॉटकडे. तो वजन कमी करण्याचे सल्ले देतो आहे, हे लक्षात आल्यावर त्यालाही थांबवावे लागले. रात्री दोन वाजता कुणीच नसण्यापेक्षा यंत्र बरे, हे मला मान्य आहे. पण जिवंत माणूस फोन उचलत होता तिथून त्याला उठवून यंत्र बसवणे मला अजिबात मान्य नाही.

आमच्या त्या नोटेचे पुढे काय झाले, ते सांगते. सहकारिणीने यंत्राचे दुसरे वाक्य खोडले आणि जे पाहिले ते स्वतःच्या शब्दांत लिहिले : सासू दारात, प्रश्नानंतर बराच वेळ शांतता, उत्तर घाईत. पुढची भेट घराबाहेर आणि बाईला एकटीलाच, असे ठरवले. या लिखाणाला तिला पंचवीस मिनिटे लागली. त्या दिवशीच्या अहवालात तिचे काम 'उशिरा पूर्ण' असे लाल रंगात दिसले. ॲपमुळे वेळ वाचतो म्हणून तिच्याकडे आधीच चार केसेस जास्त दिलेल्या आहेत.

माझे म्हणणे संस्थाचालकांपर्यंत आणि निधी देणाऱ्यांपर्यंत पोचावे, यासाठी आपल्या स्तंभाची मदत हवी आहे. यंत्राने लिहिलेले वाक्य नोंदीत वेगळे ओळखू यावे. ॲपमुळे वाचलेले तास भेटींसाठी राखून ठेवावेत, त्यांच्या बदल्यात नव्या केसेस लादू नयेत. आणि रेकॉर्डिंग कुठे साठते, किती दिवस राहते, पुसायचे असल्यास कुणाला सांगायचे, हे सगळे, ॲप विकत घेण्याआधीच, विचारावे. आमच्याकडे हे कुणी विचारले नव्हते. मीही नाही.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरी कार्यकर्ती आली आणि तिने फोन समोर ठेवला, तर रेकॉर्डिंग सुरू आहे का, असे खुशाल विचारा. नको असेल तर नको म्हणा. त्यावरून मदत नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येकीला मी हे सांगून ठेवले आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक समाजकार्यकर्ती